‘चार्ज’ या एका शब्दाला मराठीत किती शब्द लागतात?

जुळे_सोलापूर यांचा प्रश्न

इंग्रजी संभाषणाच्या वर्गासाठी टिपण तयार करतोय. वर्गाला येणारे बहुतेक जण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांत, मार्केट यार्डात आणि नवी पेठेतल्या दुकानांत काम करणारे आहेत. ‘चार्ज’ हा शब्द त्यांच्या तोंडात दिवसभर असतो. मोबाईल चार्जिंगला लावला, नव्या साहेबांनी चार्ज घेतला, घरपोच माल हवा तर चार्ज वेगळा पडेल, मोर्चावर लाठीचार्ज झाला, फ्रिजमध्ये गॅस चार्ज करून आणला. बोलताना कुणाचंच अडत नाही. इंग्रजीत वाक्य लिहा म्हटलं की मात्र पुढे ‘विथ’ लावायचं, ‘फॉर’ लावायचं की ‘ऑफ’, इथं हात थांबतो. शब्दकोशात पंधरा-वीस अर्थ एकाखाली एक दिलेले असतात, पण त्यांचा आपसांत काय संबंध ते कुठं दिसत नाही.

या सगळ्या अर्थांना बांधणारा धागा आहे का? आणि प्रत्येक ठिकाणी नेमका मराठी शब्द कोणता? व्यवहारात खरोखर चालणारे शब्द सांगा, बनवलेले नकोत.

शब्दमूळ

धागा आहे, आणि तो पक्का आहे. मूळ अर्थ एकच: ओझं चढवणं.

लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कारिकारे’, म्हणजे गाड्यावर माल लादणे. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो ‘चार्ज’. ‘कार’, ‘कॅरी’ आणि जहाजावरचा ‘कार्गो’ ही सगळी याच गाड्याची भावंडं. ‘कॅरिकेचर’सुद्धा त्यातलंच, व्यंगचित्रात नाक-कान प्रमाणाबाहेर वाढवतात, म्हणजे चेहऱ्यावर जादा भार टाकतात.

आता एकेक अर्थ घ्या. गिऱ्हाइकावर पैशाचं ओझं टाकलं, तो चार्ज. माणसावर जबाबदारीचं ओझं दिलं, तो चार्ज. कुणावर गुन्ह्याचा ठपका ठेवला, तोही चार्ज. पूर्वी बंदुकीत एका बारापुरती दारू ठासायचे, त्या भरण्याला चार्ज म्हणत. अठराव्या शतकात लेडन बाटलीत वीज साठवायला लागले तेव्हा भरण्याचा हाच शब्द विजेकडे आला. शत्रूवर सगळं वजन टाकत धावून जाणं हाही चार्जच. प्रत्येक वेळी कुणीतरी कशावर तरी काहीतरी चढवतंय किंवा भरतंय.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते मराठीचं वागणं. आपल्याकडे परिभाषा घडवणाऱ्यांनी हा धागा ओळखून धरला होता. प्रभार, कार्यभार, विद्युतप्रभार हे शब्द बघा. ‘सरचार्ज’ला आपण ‘अधिभार’ म्हणतो. फ्रेंच ‘सुर’ म्हणजे वर, संस्कृत ‘अधि’ म्हणजेही वर, त्यामुळे शब्द अक्षरशः जुळतो. ‘रिचार्ज’चं ‘पुनर्भरण’ झालं. भार आणि भरण हे दोन्ही ‘भृ’ धातूचे. इंग्रजीतलं ‘बेअर’ म्हणजे वाहणे आणि ‘बर्डन’ म्हणजे ओझं, तेही याच आदिम धातूपासून आलेले. मंत्रानं भारलेला दोरा, भारलेलं वातावरण हा प्रयोग तर आपला जुनाच आहे; ‘चार्ज्ड ॲटमॉस्फिअर’साठी वेगळा शब्द शोधायची गरजच पडली नाही.

दोन ठिकाणी मराठीनं वेगळी वाट धरली. पैशाच्या अर्थानं आपण ‘आकार’ आणि ‘आकारणे’ म्हणतो. गुन्ह्याच्या अर्थानं ‘आरोप’. पण आरोपाचा मूळ अर्थही वर ठेवणे, चढवणे असाच आहे. म्हणजे कल्पना तीच राहिली, धातू बदलला.

वर्गात अर्थांची यादी पाठ करून घेऊ नका. एकच प्रश्न विचारायला शिकवा: कोण, कुणावर, काय चढवतंय? उत्तरावरून मराठी शब्द मिळतो आणि बऱ्याचदा इंग्रजी शब्दयोगीही.

गावनमुना

वरच्या उत्तरात एक अर्थ राहिला, आणि सोलापूर जिल्ह्यात तो फार महत्त्वाचा आहे: जमिनीवरचा चार्ज. मराठी शब्द बोजा. ओझ्याचाच अर्थ, आणि गावातल्या कुणालाही समजावून सांगावा न लागणारा.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये कलम १०० चार्जचं आहे आणि कलम ५८ गहाणाचं. फरक समजून घ्या. गहाणात जमिनीतला काही हक्क सावकाराकडे किंवा बँकेकडे जातो. चार्जमध्ये हक्क जात नाही. ‘या जमिनीतून अमुक रक्कम वसूल करता येईल’ एवढाच भार जमिनीवर बसतो. कलम १०० मध्ये आणखी एक गोष्ट आहे. ज्यानं मोबदला देऊन जमीन घेतली आणि ज्याला बोज्याची माहिती नव्हती, त्याच्याविरुद्ध एरवी हा बोजा बजावता येत नाही. म्हणून बँक आणि सोसायटी सातबाऱ्यावर नोंद घालायची घाई करतात. नोंद दिसत असताना ‘मला माहीत नव्हतं’ असं खरेदीदाराला म्हणता येत नाही.

मोहोळ, माढा, पंढरपूरकडचा ऊस-डाळिंबाचा सातबारा हातात घ्या. ‘इतर अधिकार’ या रकान्यात दोन तऱ्हेच्या ओळी सापडतील. एक, ‘बोजा’, पुढे बँकेचं नाव, रक्कम आणि कंसात फेरफार क्रमांक. दुसरी, ‘इकरार’ आणि त्यापुढे विकास सोसायटीचं नाव. इकरार म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली सभासदानं दिलेलं घोषणापत्र: कर्ज फिटेपर्यंत माझ्या या जमिनीवर संस्थेचा भार राहील. इंग्रजीत दोन्हीला चार्जच म्हणतात. गावात मात्र दोन वेगळे शब्द आहेत, आणि कर्ज कुठल्या घरचं ते शब्दावरूनच कळतं.

बोजा उतरवताना कुठं अडतं तेही सांगतो, कारण विचारणारे खूप असतात. कर्ज फिटलं म्हणजे सातबारा आपोआप कोरा होतो, ही समजूत चुकीची आहे. आधी बँकेकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला, घ्यायचा. त्यावर गट क्रमांक, खातेदाराचं नाव आणि ज्या फेरफारानं बोजा चढला होता त्याचा क्रमांक हे तिन्ही असायला हवेत. मग ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून किंवा थेट तलाठ्याकडे ‘बोजा कमी करणे’ असा अर्ज. तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. अर्ज परत येतो तो बहुधा तीन कारणांनी: दाखल्यावर जुना गट क्रमांक असतो, पोटहिस्सा पडल्यावर बोजा दोन सातबाऱ्यांवर गेलेला असतो आणि अर्ज एकाचाच केलेला असतो, किंवा दोन वेळा कर्ज घेतलेलं असून दाखला एकाचाच असतो.

कारखानदारांसाठी एक ओळ. कंपनीनं यंत्रं किंवा इमारत तारण ठेवली तर कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ७७ प्रमाणे तीस दिवसांत तो चार्ज कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो. फिटल्यावर कलम ८२ प्रमाणे तसं कळवावं लागतं. त्याला ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’ म्हणतात. इथला ‘सॅटिस्फॅक्शन’ समाधानाचा नाही, ऋण फिटल्याचा आहे. भाषांतर करणारे इथं हमखास घसरतात.

जुळे_सोलापूर

बोजा हा शब्द डोक्यातच आला नव्हता. आभार.

एक शंका. ओझ्याची कल्पना पैसा, जबाबदारी, जमीन इथं बसते. पण बॅटरी चार्ज झाली म्हणजे तिच्यात काय चढतं? वजन तर वाढत नाही. शिवाय आपले लोक सर्रास ‘चार्जिंग संपली’ म्हणतात. ते इंग्रजीत चालतं का?

वायरमन_होटगीरोड

विजेचं मी सांगतो, इंग्रजी वाक्यांचं दुसरं कुणी सांगेल.

बॅटरीत वीज पाण्यासारखी ओतली जात नाही. चार्ज करताना एका टोकातून जेवढे इलेक्ट्रॉन आत जातात तेवढेच दुसऱ्या टोकातून बाहेर पडतात. एकूण विद्युतप्रभार होता तेवढाच राहतो. बदलते ती आतली रासायनिक अवस्था, आणि ऊर्जा त्यात साठते. तरीही मोजमाप प्रभाराचंच करतात. एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला की एक कूलोम. मोबाईलवर ५००० एमएएच लिहिलेलं असतं, म्हणजे पाच अँपिअर एक तास, म्हणजे १८,००० कूलोम. बॅटरीचा व्होल्टेज सरासरी ३.८५ धरला तर ऊर्जा साधारण १९ वॉट-तास होते. चार्जरमधली आणि बॅटरीतली गळती धरून भिंतीतून २५ वॉट-तास जातात असं समजा. एका युनिटमध्ये हजार वॉट-तास. म्हणजे एका युनिटमध्ये मोबाईल चाळीसेक वेळा पूर्ण भरतो. मोबाईलच्या चार्जिंगनं बिल वाढलं म्हणून घरात भांडू नये.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र ‘चार्ज’ नीट समजला नाही तर हजारोंचं नुकसान होतं. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास), सी-ट्वेंटी (वीस तासांत उपसून मोजलेली) असं लिहिलेलं असेल तर तिच्यातून साडेसात अँपिअर वीस तास मिळतात. १५० अँपिअर एक तास मिळतील असं नाही. जोरात उपसली तर एकूणच कमी निघतं. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे पंधराएक अँपिअर ठेवतात. पूर्ण भरून तासभर मोकळी ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. हायड्रोमीटरवर ॲसिडची घनता १.२४ ते १.२६ यायला हवी. सहापैकी पाच कप्पे १.२४ आणि एकच १.१५ दाखवत असेल तर तो कप्पा गेलेला आहे. कितीही चार्ज केला तरी बॅटरी टिकणार नाही.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ऊन बेचाळीस-त्रेचाळीसला जातं, तेव्हा पाणी भराभर उडतं. महिन्यातून एकदा पातळी बघा. डिस्टिल्ड पाणीच घाला, आणि बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर घाला. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना द्रव फुगतो, बुडबुडे येतात आणि ॲसिड बाहेर सांडून टर्मिनल खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेवढ्यापुरतं मात्र आधी, प्लेटा बुडतील इतकंच घालायचं. सुट्टीला घर बंद करून जाताना बॅटरी अर्धी रिकामी ठेवू नका. डिस्चार्ज अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि मग चार्ज घ्यायलाच ती तयार होत नाही.

आता फ्रिज आणि एसीचा गॅस. इथं चार्ज म्हणजे वजनानं मोजून भरलेलं प्रमाण, जुन्या बंदुकीच्या दारूसारखंच. फ्रिजच्या मागच्या पाटीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. आर-१३४ए च्या जागी आर-६००ए चा फ्रिज असेल तर वजन निम्म्याहूनही कमी लागतं, म्हणून अंदाजानं भरला की चुकतोच. क्रम असा: गळती शोधून बंद करायची, नायट्रोजननं दाब तपासायचा, व्हॅक्यूम पंपानं हवा आणि ओल काढायची, मग काट्यावर सिलिंडर ठेवून तेवढेच ग्रॅम सोडायचे. कमी पडला तर कूलिंग कॉइलच्या सुरुवातीलाच बर्फ धरतो, पुढचा भाग कोरडा राहतो. जास्त झाला तर कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीवरही बर्फ चढतो. आर-६००ए पेट घेणारा आहे, त्यामुळे त्या नळीवर ज्योत लावून झाळणी करायची नाही.

‘गॅस संपला, दरवर्षी चार्ज करावा लागतो’ असं कुणी म्हणालं तर मानू नका. ही बंद प्रणाली आहे, तिच्यात गॅस खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय.

वायरमन_होटगीरोड

बिलातलं राहिलं. महावितरणच्या बिलात ‘चार्ज’साठी सगळीकडे ‘आकार’ आहे: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. पण ‘वीज शुल्क’ वेगळं. ते कंपनीचं नाही, राज्य सरकारचा कर आहे, इंग्रजीत ‘ड्यूटी’. आकार आणि शुल्क एकाच अर्थानं लिहू नका, पैसा वेगळ्या खिशात जातो.

यंत्रमाग आणि टॉवेलच्या मोठ्या कारखान्यांच्या बिलात ‘मागणी आकार’ही असतो, तो केव्हीएवर. किती युनिट जाळले याच्याशी त्याचा संबंध नाही; एका वेळी जास्तीत जास्त किती भार टाकला याच्याशी आहे. सकाळी सगळे माग एकदम चालू केले की कमाल मागणी चढते. टप्प्याटप्प्यानं चालू केले आणि कपॅसिटर नीट ठेवले तर तेवढ्याच मालाला आकार कमी बसतो. इथं चार्ज म्हणजे खरोखर भाराचंच मोल आहे.

टिपणीस

सरकारी कार्यालयात दोन अर्थ चालतात आणि दोन्हीला ‘चार्ज’ म्हणत असल्यानं गोंधळ होतो. ‘त्याला चार्ज दिला’ म्हणजे पद सोपवलं. ‘त्याच्यावर चार्ज ठेवला’ म्हणजे विभागीय चौकशी लागली. विभक्ती बदलली की माणसाचं नशीबच बदलतं!

पहिल्यासाठी कागदोपत्री शब्द कार्यभार. ‘प्रभार’ जरा वेगळ्या छटेनं येतो. ‘प्रभारी’ म्हणजे कायम नेमणूक नसताना पद सांभाळणारा. स्वतःचं पद ठेवून दुसऱ्याचंही बघायचं असेल तर ‘अतिरिक्त कार्यभार’. कार्यभाराच्या अहवालात तारखेपुढे ‘मध्यान्हपूर्व’ की ‘मध्यान्हानंतर’ हे लिहायचंच, कारण त्या दिवसाचा पगार कुणाच्या नावे पडायचा ते त्यावर ठरतं. सोबत यादी लागते: रोकडवहीची त्या दिवशीची अखेरची शिल्लक शब्दांत आणि अंकांत, कोरे धनादेश क्रमांकासह, जडवस्तू नोंदवही (‘डेड स्टॉक रजिस्टर’), किल्ल्या, प्रलंबित प्रकरणं, न्यायालयीन तारखा. आता डिजिटल स्वाक्षरीचं टोकन आणि संगणकप्रणालीचे अधिकारही आले. देणारा आणि घेणारा दोघांनी प्रत्येक पानावर सही करायची. सर्वांत जास्त वाद जडवस्तू नोंदवहीवरून होतात. वहीत आहे पण खोलीत नाही अशी वस्तू न बघता सही केली की ती घेणाऱ्याच्या अंगावर येते.

दुसऱ्यासाठी शब्द दोषारोप. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे दोषारोपाच्या ज्ञापनासोबत जोडपत्र १ ते ४ जातात: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी.

आणि एक अर्थ अर्थसंकल्पाचा. राज्याच्या अर्थसंकल्पात खर्चाचे ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ असे दोन प्रकार दिसतात. भारित म्हणजे ‘चार्ज्ड’, एकत्रित निधीवर भार टाकलेला. संविधानाच्या अनुच्छेद २०२ मध्ये त्याची यादी आहे: राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, कर्जावरचं व्याज वगैरे. यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही.

पार्कचौक_वकील

फौजदारी बाजूचं थोडक्यात, पण काटेकोर सांगतो. बातम्यांत इथं रोज चूक होते.

पोलिसांचं ‘चार्जशीट’ म्हणजे आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. ते दाखल झालं म्हणजे चार्ज ठरला असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पोलिसांचा हा अहवाल कलम १९३ खाली येतो. आरोपी कोठडीत असेल तर कलम १८७ प्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत तपास पुरा व्हायला हवा, नाहीतर जामिनाचा हक्क मिळतो. गुन्ह्याला मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षा असेल तर नव्वद, बाकी साठ. त्यानंतर न्यायालय कागद बघून ‘फ्रेमिंग ऑफ चार्ज’ करतं, त्याला दोषारोप निश्चित करणे म्हणतात. सत्र न्यायालयात त्यासाठी कलम २६३ मध्ये पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांची मुदत घातली आहे.

उलट बाजूला ‘डिस्चार्ज’. इथं बातमीदार हमखास चुकतात. डिस्चार्ज म्हणजे दोषमुक्ती: खटला चालवायलाच पुरेसा आधार नाही म्हणून दोषारोप ठेवण्याआधी सोडणं. ‘ॲक्विटल’ म्हणजे निर्दोष मुक्तता: पुरावा होऊन, खटला चालून सुटणं. दोन्हीला ‘निर्दोष सुटला’ लिहिणं चूक आहे. दोषमुक्त झालेल्यावर नवा पुरावा आला तर पुन्हा कारवाई होऊ शकते. निर्दोष ठरलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. सरकारला अपिलाचाच मार्ग उरतो.

‘लाठीचार्ज’ हा भारतीय इंग्रजीतला जोडशब्द. विलायती वर्तमानपत्रं ‘बॅटन चार्ज’ लिहितात. मराठीत ‘लाठीमार’ आहेच, आणि तोच चांगला.

शब्दमूळ

वकीलसाहेबांनी डिस्चार्ज काढला म्हणून सांगतो, तोही ओझ्याचाच शब्द: उतरवणं. दवाखान्यातून रुग्णाला सोडणं, कर्जातून मोकळं होणं, जखमेतून स्राव येणं, बॅटरी उतरणं. ‘बॅटरी उतरली’ म्हणताना आपण न कळत मूळ अर्थच बोलतो.

सोलापूरकरांना पावसाळ्यात ओळखीचा डिस्चार्ज म्हणजे उजनीचा विसर्ग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. भीमेत एक लाख क्युसेक विसर्ग चोवीस तास चालू राहिला तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जातं. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे. त्यावरून एका दिवसाच्या विसर्गाचा अंदाज येतो. बातमीत ‘विसर्ग एक लाख क्युसेक पाणी’ असं लिहिलेलं असतं ते अपुरं, कारण क्युसेक हा वेग आहे, साठा नव्हे. किती वेळ ते लिहिलं तरच पाणी किती ते कळतं.

गावनमुना

विसर्ग आला तर पुनर्भरणही येऊ द्या. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेला तरी चाळीस हजार लिटर बोअरकडे वळवता येतात.

गडबड होते ती गाळानं. आपला खडक बेसाल्ट. पाणी त्याच्या भेगांतून जातं आणि त्या एकदा मातीनं बुजल्या की बोअर कायमचा मंदावतो. म्हणून छपराचा पाइप थेट केसिंगमध्ये, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या नळीत, सोडायचा नाही. बोअरभोवती खड्डा घेऊन केसिंगला भोकं पाडायची, नायलॉनची जाळी गुंडाळायची, आणि खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू भरायची. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह ठेवायचा. वरची वाळू दर उन्हाळ्यात काढून धुवायची. शौचालयाचा शोषखड्डा जवळ असेल तिथं हा उद्योग करायचाच नाही.

नवीपेठ_इंग्रजी

आता मूळ प्रश्नातल्या शब्दयोगींकडे येतो.

पैशासाठी ‘फॉर’. ‘दे चार्ज फिफ्टी रुपीज फॉर डिलिव्हरी.’ माणूस मध्ये आला तर तो थेट क्रियापदापाठी बसतो: ‘ही चार्ज्ड मी फिफ्टी रुपीज.’ आपले विद्यार्थी ‘चार्ज्ड टू मी’ किंवा ‘चार्ज्ड फ्रॉम मी’ लिहितात, कारण मराठीत ‘माझ्याकडून पैसे घेतले’ म्हणतो. ‘टू’ येतो तो खात्यासाठी: ‘चार्ज इट टू द कंपनी.’ म्हणजे कंपनीच्या नावे लिहा. फुकट असेल तर ‘फ्री ऑफ चार्ज’. ‘फ्री ऑफ कॉस्ट’ आपल्याकडे फार चालतं, पण परदेशी गिऱ्हाइकाला पत्र लिहिताना पहिलंच लिहावं.

पैशाच्या शब्दांतही निवड आहे. वस्तूची किंमत ‘प्राइस’, एसटीचं भाडं ‘फेअर’, वकील-डॉक्टरची ‘फी’, आणि सेवेपोटी वर लावलेला तो ‘चार्ज’. टॉवेलच्या कोटेशनमध्ये मालाच्या दरापुढे ‘चार्ज’ लिहू नये; पॅकिंग, वाहतूक यांच्यापुढे लिहावा. जॉबवर विणून द्यायची मजुरी ‘जॉब चार्जेस’, तिथं अनेकवचन रूढ आहे.

गुन्ह्यासाठी ‘विथ’: ‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट.’ पण ‘अक्यूज’पुढे ‘ऑफ’. हे दोन एकमेकांत मिसळतात, म्हणून जोडीनंच घोकून घ्यावेत. धावून जाण्यासाठी ‘ॲट’: ‘द बुल चार्ज्ड ॲट हिम.’

जबाबदारीत एका ‘द’नं अर्थ उलटतो. ‘शी इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हणजे ती मुलांना सांभाळते. ‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ देअर आँट’ म्हणजे मुलं मावशीच्या ताब्यात आहेत. पहिल्यात कर्ता ओझं वाहणारा, दुसऱ्यात कर्ताच ओझं. कुणाच्या हवाली केलेल्या मुलालाही इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणतात. ‘तो आमचा इनचार्ज आहे’ हे मराठीत ठीक, भारतीय इंग्रजीतही चालतं. बाहेर लिहिताना ‘ही इज इन चार्ज’ असं लिहावं किंवा सरळ पदनाम.

शेवटी ‘चार्जिंग संपली’. मराठीत हा शब्द रुळला, स्त्रीलिंगीही झाला, त्याला कुणी हात लावू नये. पण ‘माय मोबाईल हॅज नो चार्जिंग’ हे इंग्रजी नाही, कारण तिथं ‘चार्जिंग’ ही क्रिया आहे आणि साठा म्हणजे ‘चार्ज’. तीन वाक्यं पाठ करून घ्या: फोन लावायचा असेल तर ‘आय नीड टू चार्ज माय फोन’, लावलेला असेल तर ‘इट इज चार्जिंग’, आणि बंद पडला असेल तर ‘माय फोन इज डेड’ किंवा ‘द बॅटरी हॅज रन आऊट’. ‘डेड’चं वाक्य पहिल्यांदा ऐकलं की वर्गात हसू येतं, पण रोजच्या बोलण्यात तेच चालतं.